समुद्राच्या पाण्यातला कार्बन मोजताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातली रसायनशास्त्रात एमएस्सी झालेली मुलंमुली दरवर्षी चोर्ला घाट उतरून गोव्याला जातात. कुणाला दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत प्रोजेक्टवर काम मिळतं, कुणी कारवार गाठतं, आणि त्यातल्या काहींना सिंधू साधना किंवा सागर कन्या यांसारख्या संशोधन जहाजावर जायची संधी मिळते. मुलं हुशार असतात, ब्युरेटवर हात बसलेला असतो. तरीही चुका त्याच त्याच होतात. त्या होतातही यंत्रापाशी नाही, तर पाणी यंत्रापर्यंत पोचायच्या आधी. म्हणून हे लिहितोय.

आधी आपण केवढी गोष्ट शोधतोय ते डोक्यात पक्कं करा. उद्योगयुग सुरू झाल्यापासून समुद्राच्या वरच्या पाण्याचा पीएच (म्हणजे सामू; तो उतरला की आम्लता वाढते) साधारण 8.2 वरून 8.1 वर आलाय. एवढ्या काळात 0.1 चा फरक. सध्या खुल्या समुद्रात तो दर दहा वर्षांना 0.017 ते 0.027 इतका उतरतोय. याचा अर्थ तुमच्या हातून 0.02 ची चूक झाली की समुद्राचं एक दशक तुमच्या वहीतून पुसलं गेलं. हवामानातला दीर्घकालीन बदल पकडायचा तर पीएच 0.003 च्या आत आणि विरघळलेला एकूण कार्बन दर किलोमागे 2 मायक्रोमोलच्या (मोलच्या दहा लाखाव्या भागाच्या) आत मोजता आला पाहिजे. तो कार्बन असतो 2000 च्या आसपास. म्हणजे हजारात एक एवढीच चूक माफ.

काठोकाठ भरलेली बाटली

ही चूक बघून मी थकलोय, म्हणून सविस्तर सांगतो.

एका उन्हाळ्यात अरबी समुद्रात रात्रीचं स्टेशन, म्हणजे जहाज थांबवून नमुने घ्यायचं ठिकाण, होतं. वेगवेगळ्या खोलीचं पाणी निस्किन नावाच्या बाटल्यांत भरून आणणारं रोझेट वर आलं तेव्हा पहाट व्हायला आली होती. तळाच्या निस्किनमधलं पाणी हजार मीटरवरचं, आठ-नऊ अंशांचं, आणि डेकवरची हवा दमट, तिशीच्या घरात. खानापूरकडचा एक मुलगा नमुने भरत होता. त्यानं अर्ध्या लिटरच्या सगळ्या काचेच्या बाटल्या काठोकाठ भरल्या, ग्रीस लावून बुचं बसवली आणि क्रेट आत नेऊन ठेवले. काम नीटनेटकं दिसत होतं.

किनाऱ्यावर नमुने मोजायला घेतले तेव्हा गडबड कळली. वरच्या पाण्याचे आकडे ठीक होते, पण जसजसं खाली जावं तसतसा कार्बन कमी पडत होता. हजार मीटरवर तो 2250 च्या वर असायला हवा, तो बराच खाली आला होता. मग सगळे यंत्राच्या मागे लागले. कार्बन मोजायच्या यंत्राचा, कूलोमीटरचा, सेल नवा भरला, ॲसिड बदललं, वायूच्या नळ्यांची गळती तपासली. आकडे जसेच्या तसे. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेतून अँड्र्यू डिक्सन यांच्या प्रयोगशाळेचं प्रमाणित संदर्भ पाणी (त्यातला कार्बन आधीच नेमका मोजलेला असतो) आलं होतं, ते मात्र नेमक्या किमतीला बसत होतं. मग यंत्र चुकतंय म्हणायचं कसं?

उत्तर दिलं ते अल्कलिनिटीनं, म्हणजे पाण्याच्या आम्ल जिरवायच्या ताकदीनं. त्याच बाटल्यांतली अल्कलिनिटी अगदी अपेक्षेप्रमाणे होती. पाण्याची वाफ झाली असती तर अल्कलिनिटी आणि क्षारता दोन्ही वाढल्या असत्या. कार्बन डायऑक्साइड वायू म्हणून उडून गेला तर कार्बन घटतो आणि अल्कलिनिटी जागची हलत नाही. म्हणजे वायू निसटला होता. बुचं तपासली, तर ग्रीसचं कडं तुटलेलं होतं.

त्या मुलाला विचारलं तर म्हणाला, “ऑक्सिजनच्या बाटलीत हवेचा बुडबुडापण राहू देत नाही की सर आपण. मग इथं जागा कशी ठेवायची?”

“अरे बाळा, ऑक्सिजनची बाटली भरल्या भरल्या रसायनं घालून आपण तो वायू तिथंच बांधून टाकतो. ही बाटली महिनोन् महिने थांबायची आहे.”

अर्धा लिटर गार पाणी आठ अंशांवरून तिशीला आलं की सुमारे अडीच मिलिलिटर फुगतं. त्याला जागा नसेल तर ते बूच उचलतं. खोल पाण्यात कार्बन डायऑक्साइड ठासून भरलेला असतो, उघड्या सोड्याच्या बाटलीसारखा तो वाट मिळेल तिथून निघून जातो. वरचं पाणी मुळातच कोमट, ते फारसं फुगत नाही, म्हणून त्याचे आकडे वाचले. त्या स्टेशनचे खोल पाण्याचे नमुने टाकून द्यावे लागले. त्या दिवसाचं, त्या ठिकाणचं पाणी पुन्हा मिळत नाही.

माझी सवय अशी. नळीतून बुडबुडे पूर्ण गेल्यावर ती बाटलीच्या तळाला टेकवायची, पाणी न खळखळता भरू द्यायचं, आणि बाटलीभर पाणी वरून वाहून जाऊ द्यायचं. मग पिपेटनं पाच मिलिलिटर काढायचं. एवढीच जागा, एक टक्का. जास्त ठेवली तर कार्बन त्या हवेत जातो. बुचाची आणि मानेची घासलेली काच पुसून कोरडी करायची, कारण ओल्या काचेवर ग्रीस धरत नाही. बूच बसवून थोडं फिरवायचं आणि सगळीकडून पारदर्शक कडं दिसलं की वर रबरबँड. हे सगळं करायला वेळ लागतो आणि मागं लोक खोळंबतात. खोळंबू देत. ‘पुढच्या वेळी नीट करतो’ म्हणणाऱ्याला मी नमुन्याच्या रांगेत उभाच करत नाही, त्याला आधी नोंदवही धरायला देतो.

क्रम आणि विष

निस्किन उघडली की आत हवा शिरायला लागते. म्हणून आधी ऑक्सिजन, लगेच कार्बन आणि पीएच, मग अल्कलिनिटी, पोषकद्रव्यं, आणि क्षारता शेवटी. मित्राला घाई आहे म्हणून हा क्रम मोडू नका.

मर्क्युरिक क्लोराइड, म्हणजे नमुन्यातले जीव मारायचं पाऱ्याचं विष, घालायला विसरलात तर बाटलीतले जीव श्वास घेत राहतात आणि कार्बन वाढत जातो. अर्ध्या लिटरला संपृक्त द्रावणाचा दशांश ते पाव मिलिलिटर पुरतो. कुठल्या बाटलीत घातलं ते त्याच क्षणी लिहा. ‘बहुतेक घातलं’ हे उत्तर मी मान्य करत नाही.

रसाचा मीटर समुद्रावर

आपल्या भागातली बरीच मुलं आधी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये किंवा माती परीक्षणाच्या कामावर हात बसवून येतात. तिथं चार, सात, नऊचं बफर (ठरलेल्या पीएचचं द्रावण) घ्यायचं, इलेक्ट्रोड बुडवायचा आणि आकडा लिहायचा. उसाच्या रसाला आणि शेतातल्या मातीच्या सामूला ते बरोबरच आहे. तिथं दशांशाच्या फरकानं काही बिघडत नाही.

समुद्रात तोच दशांश म्हणजे उद्योगयुगापासूनचा सगळा बदल. ती बाजारातली बफरं पातळ असतात, समुद्राचं पाणी त्यांच्या मानानं कितीतरी खारट. पातळ द्रावणातून खारटात गेला की इलेक्ट्रोडच्या जोडावरचा विद्युतदाब बदलतो आणि वाचन सरकतं. शिवाय त्या बफरांचं मोजमाप आणि समुद्रशास्त्रात वापरतात ती पीएचची ‘टोटल’ पट्टी यांत 0.1 हून जास्त फरक पडतो. जुन्या कागदावर एका पट्टीचा आकडा, नव्या कागदावर दुसरीचा, आणि मधल्या फरकाला नाव ‘आम्लीकरण’. असे आलेख मी पाहिलेत आणि मला त्यांचा मनापासून राग येतो.

इलेक्ट्रोडच वापरायचा असेल तर कृत्रिम समुद्रजलात बनवलेलं ट्रिस बफर घ्या, 25 अंशांना टोटल पट्टीवर ते 8.09 च्या आसपास येतं. पण माझा भरवसा रंगावर आहे. पीएचप्रमाणे रंग बदलणारं मेटा-क्रेसॉल पर्पल घालून 434 आणि 578 नॅनोमीटरला प्रकाशाचं शोषण मोजा. रंग शुद्ध केलेला घ्या, कारण स्वस्त रंगातली अशुद्धी पीएच शंभराव्या भागानं सहज हलवते. रंग घातल्यानं पाण्याचा पीएचही थोडा सरकतो, तो दुप्पट रंग घालून दुसऱ्यांदा मोजून दुरुस्त करा. आणि क्युव्हेट (नमुना धरायची पारदर्शक डबी) 25 अंशांवर स्थिर होईपर्यंत थांबा. एका अंशाला पीएच सुमारे 0.016 हलतो. म्हणजे अर्धा अंश इकडेतिकडे झाला की ठरलेल्या 0.003 ची मर्यादा केव्हाच ओलांडली. एवढं थांबवत नसेल तर तिसरा दशांश लिहू नका.

बाकीच्या, थोडक्यात

लिटर आणि किलो यांची गल्लत करू नका. समुद्राचं पाणी लिटरला सुमारे 1.025 किलो भरतं, त्यामुळे कार्बनमध्ये 50 मायक्रोमोलची चूक नुसत्या एककानं होते.

पीएच आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब एवढीच जोडी मोजून बाकीचं गणितानं काढायला जाऊ नका. दोन्ही एकाच दिशेची माहिती देतात, चूक फुगते. एकूण कार्बन आणि अल्कलिनिटी ही माझी जोडी.

गणिताच्या प्रोग्रॅममध्ये फॉस्फेट आणि सिलिकेटच्या जागी शून्य टाकून पुढे जाऊ नका, खोल पाण्यात ते महागात पडतं.

संदर्भ पाणी महाग आहे म्हणून सफरीच्या सुरुवातीला एकदाच वापरणं ही काटकसर खोटी आहे. सेल बदलला की वापरा, दिवसाअखेरी वापरा.

गोवा-कारवारच्या किनाऱ्याबद्दल एक वेगळी गोष्ट. नैऋत्य मोसमात इथं खालचं पाणी वर चढतं. त्यात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त, म्हणून पीएच आपोआप उतरतो. त्याच दिवसांत खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई पावसाचं गोडं पाणी पणजीपाशी आणून ओतते आणि अल्कलिनिटी खाली खेचते. अशा ठिकाणी एका पावसाळ्याचे नमुने घेऊन ‘समुद्र आम्ल झाला’ असं प्रबंधात लिहिणं चूक आहे. क्षारता, तापमान आणि ऑक्सिजन प्रत्येक नमुन्यासोबत नोंदवा, त्याच ठिकाणी सगळ्या ऋतूंत जा, आणि वर्षानुवर्षं जात राहा. प्रोजेक्ट दोन वर्षांत संपतो म्हणून निष्कर्ष लवकर येत नसतो.

शेवटी पाऱ्याचं. मोजून झालेलं पाणी आणि बाटल्या विसळलेलं पहिलं पाणी, दोन्हींत मर्क्युरिक क्लोराइड असतं. ते सिंकमध्ये जाता कामा नये आणि समुद्रात तर नाहीच. झाकण पक्कं असलेल्या कॅनमध्ये साठवा, वर तारीख आणि ‘पारा’ असं ठळक लिहा, हातमोजे काढू नका. तो कॅन बंदरावर उतरवून योग्य हाती देईपर्यंत जबाबदारी ज्यानं नमुना घेतला त्याची.