जुन्या मोटरहोमचा तुटलेला पार्ट स्वतः बनवताय? मग या चुका टाळा

जुन्या मोटरहोमचं, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीचं, इंजिन एकवेळ सोपं, कारण तेच इंजिन ढिगाने व्हॅनमध्ये लागलेलं असतं आणि पार्ट कुठून ना कुठून मिळतात. खरी अडचण मागच्या राहत्या भागाची. खिडकीचे लॅच, कपाटाचे खटके, छतावरच्या हॅचचं (वर उघडणाऱ्या झडपेचं) हँडल, बाहेरच्या लॉकरच्या बिजागऱ्या, हे सगळं त्या काळी कुठल्यातरी साच्यातून निघालेलं असतं आणि वीस-पंचवीस वर्षांनी तो साचाच राहिलेला नसतो. मग आपणच काहीतरी बनवून लावतो. मी आमच्या गाडीत गेली कितीतरी वर्षं हेच करतेय आणि मला हे काम मनापासून आवडतं, म्हणूनच लिहावंसं वाटलं, कारण पार्ट तुटल्याने गाडीचं जेवढं नुकसान होतं त्यापेक्षा जास्त नुकसान घाईघाईत लावलेल्या बदली पार्टने झालेलं मी बघितलंय.

पहिली चूक अगदी पहिल्या पाच मिनिटांत होते. तुकडा हातात येतो आणि आपण लगेच सुपरग्लू लावून जोडून बघतो. ज्या जागेवर जोर येतो तिथे तो सांधा टिकत नाहीच, शिवाय तुटलेल्या कडांवर ग्लूचा थर बसला की ते दोन तुकडे परत कधी तंतोतंत जुळत नाहीत, म्हणजे नवीन पार्टसाठी जे एकमेव माप आपल्याकडे होतं तेच गेलं. त्यामुळे आधी तुकडे कोरडेच जुळवा, वरून टेप लावा, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवा, भोकांमधलं अंतर आणि जाडी लिहून ठेवा. खोलायच्या आधीचे फोटो तर हवेतच, कुठला वॉशर कुणाच्या खाली होता हे दोन दिवसांनी आठवत नाही. आणि समोरच्या बाजूचा न तुटलेला लॅच बघून कॉपी करणार असाल तर तो आरशातल्यासारखा उलटा असू शकतो हे लक्षात ठेवा, डाव्याचा बनवला आणि लागला उजव्याला असं बऱ्याच जणांचं होतं.

त्याच वेळी तुटलेली कड उजेडात धरून नीट बघा. तुटलेल्या जागेभोवती पांढुरकं झालं असेल तर तो प्लास्टिकचा पार्ट बरेच दिवस वाकत होता, मग एक दिवस गेला. वरचा थर खडूसारखा हाताला लागत असेल तर ते उन्हाने खाल्लंय आणि त्याच खिडकीचा दुसरा लॅचही लवकरच जाणार. करडं, दाणेदार दिसत असेल तर ते जस्ताचं कास्टिंग आहे, त्याला वेल्डिंग करायला कुणाकडे नेऊ नका, नेहमीच्या वेल्डिंगच्या आचेला ते सरळ वितळून जातं.

मग प्रश्न येतो की तुटला का. हा प्रश्न न विचारता पार्ट बनवणं म्हणजे तेच काम परत करायची तयारी. दाराचं हँडल तुटतं तेव्हा बहुतेक वेळा दोष हँडलचा नसतोच, बिजागरीची पिन झिजून दार दोन-तीन मिमी खाली बसलेलं असतं, लॅचची जीभ समोरच्या खाचेत नीट जात नाही आणि रोज आपण खांद्याने ढकलून हँडल पिळत असतो. किंवा दाराचं रबर कडक होऊन फुगलेलं असतं. दार किंचित वर उचलून धरलं की जीभ गुपचूप आत जाते का बघा, जात असेल तर आधी बिजागरी. छोट्या बिजागरीच्या झिजलेल्या पिनला सायकलचा स्टेनलेस स्टीलचा स्पोक फार छान चालतो, साधारण २ मिमी जाड असतो, गंजत नाही, हवा तेवढा कापायचा आणि टोकं थोडी वाकवायची, काम झालं.

मजबूत म्हणजे चांगला, ही सगळ्यात मोठी चूक

यावर मी जरा जास्त लिहिणारे, कारण ही चूक मी स्वतः केलीय आणि ती महागात पडली.

आमच्या मागच्या खिडकीचा प्लास्टिकचा लॅच तुटला होता. मी ३ मिमीच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीतून नवीन कापला, कानसने घासून घासून जुन्यासारखा आकार दिला, कडा पॉलिश पेपरने गोल केल्या, लावला, जोरात ओढून बघितला तर जरासुद्धा हलला नाही. खूप आनंद झाला होता. काही महिन्यांनी एका रात्री जोराचा वारा सुटला, खिडकी एकाच लॅचवर अडकवलेली होती, वाऱ्याने ती खेचली, आणि सकाळी बघितलं तर लॅच होता तसाच, पण त्याच्या स्क्रूच्या भोकापासून खिडकीच्या ॲक्रिलिकला (काचेसारख्या प्लास्टिकला) बोटभर तडा. जुना प्लास्टिकचा लॅच असता तर तो तुटला असता आणि खिडकी वाचली असती. लॅच तासाभरात बनतो, खिडकी बनत नाही. (तडा पुढे सरकू नये म्हणून त्याच्या अगदी टोकाला २ मिमीचं भोक पाडलं, ड्रिल एकदम हळू फिरवून आणि जोर न देता, तडा आजही तिथेच थांबलेलाय.)

तेव्हापासून बनवलेला पार्ट टिकेल का हे मी विचारतच नाही. तो तुटेल तेव्हा सोबत काय घेऊन जाईल, हे विचारते. खटका तुटला तर चालेल, पण तो ज्या ३ मिमीच्या प्लायवूडवर बसलाय ते फाटायला नको. रोजच्या वापराला पुरेल एवढा पक्का आणि ज्याला धरून बसलाय त्याच्यापेक्षा कच्चा, असा पार्ट हवा.

अशा कामाला स्वयंपाकघरातला पांढरा प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड हे माझं आवडतं मटेरियल आहे. ते बहुतेक वेळा एचडीपीई नावाचं चिवट प्लास्टिक असतं, सुतारकामाच्या करवतीने कापतं, पाणी पीत नाही, घासलं तरी आवाज करत नाही, आणि जोर आला की तडकण्याऐवजी थोडं वाकतं. कपाटाचे खटके, ड्रॉवरचे गाईड, हँडलखालचे पॅकिंग, सगळं त्यातून निघतं. फक्त त्याला काहीच चिकटत नाही, त्यामुळे स्क्रू किंवा बोल्टनेच बसवा.

कुठल्या प्लास्टिकला काय लावताय

इथेही अंदाजाने चालत नाही. पार्टच्या मागच्या बाजूला बऱ्याचदा बारीक अक्षरात प्लास्टिकचं नाव कोरलेलं असतं ते शोधा. पीपी (पॉलीप्रॉपिलीन) किंवा पीई (पॉलीइथिलीन) असेल तर सुपरग्लू आणि इपॉक्सी दोन्ही सोडून द्या, वाळल्यावर नखाने निघून येतात. एबीएस असेल तर मात्र नशीब चांगलं, एबीएसचेच बारीक तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून घट्ट पेस्ट करायची आणि तिने तडा भरायचा, तो सांधा खरोखर एकजीव होतो. पण हेच ॲसिटोन खिडकीजवळ नेऊ नका. ॲक्रिलिकच्या खिडकीवर ॲसिटोन, थिनर, पेट्रोल, अगदी स्पिरिटसुद्धा लागलं की आत बारीक बारीक जाळी पडते आणि ती पुसून जात नाही. कोमट पाणी, थोडा साबण, बस. सुपरग्लूच्या वाफेनेही आजूबाजूला पांढरट डाग पडतात.

अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. नट सुटू नये म्हणून आट्यांवर जे थ्रेडलॉकर लावतात ते धातूला धातू असेल तिथेच. एबीएस, ॲक्रिलिक, पॉलीकार्बोनेटला ते लागलं की काही दिवसांत प्लास्टिक स्क्रूभोवती तडकतं, आणि आपल्याला वाटतं की स्क्रू जास्त आवळला गेला. प्लास्टिकजवळ नायलॉन रिंगवाला लॉकनट वापरा.

थ्रीडी प्रिंटर हाताशी असेल तर मोह होतोच, पण पीएलए या प्रिंटिंगच्या नेहमीच्या प्लास्टिकमध्ये प्रिंट करून मोकळं होऊ नका. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि उन्हात बंद उभ्या गाडीत खिडकीच्या काचेमागे तेवढं तापमान सहज होऊ शकतं, मग हँडल लोंबकळलेलं सापडतं. त्यापेक्षा पीईटीजी हे प्लास्टिक बरं, बाहेरच्या बाजूला एएसए. आणि प्रिंट करताना पार्ट असा झोपवा की जोर थरांच्या आडवा येणार नाही, नाहीतर पापुद्र्यासारखा सुटतो.

भोक पाडण्याआधी थांबा

जुन्या गाडीची भिंत म्हणजे काय असतं, तर बाहेर पातळ ॲल्युमिनियम किंवा फायबरचा पत्रा, मध्ये फोम आणि लाकडाच्या पट्ट्या, आत पातळ प्लाय. बाहेरून पाडलेलं प्रत्येक नवीन भोक म्हणजे पाण्याला दिलेला रस्ता, आणि ते पाणी दिसतं तेव्हा आतलं लाकूड कुजून गेलेलं असतं. त्यामुळे नवीन पार्ट जुन्या भोकांना जुळवा, भोकं नवीन पार्टला जुळवू नका. जुळतच नसेल तर मध्ये एक पट्टी घाला, जुन्या भोकांत पट्टी बसवायची आणि पट्टीवर नवीन पार्ट.

जुन्या भोकात स्क्रू फिरतच राहतो, आवळला जात नाही, तेव्हा लोक काय करतात तर जाड आणि लांब स्क्रू घालतात. तो दुसऱ्या बाजूने बाहेर येतो किंवा कुठल्यातरी वायरमध्ये जातो. आधी स्क्रू काढून त्याचं टोक बघा. ओला काळपट भुसा लागून आला तर लाकूड कुजलंय आणि मग प्रश्न हार्डवेअरचा राहिलेला नाही, पाणी कुठून येतंय ते शोधा. लाकूड कोरडं आणि चांगलं असेल तर भोकात लाकडाची बारीक खुंटी वुडग्लू लावून ठोका, वाळू द्या, कडेने कापा आणि तोच जुना स्क्रू परत लावा.

सीलिंगला मिळेल ते सिलिकॉन भरून टाकू नका. सिलिकॉन निघालं असं वाटलं तरी त्याचा अदृश्य थर उरतो आणि त्यावर नंतर दुसरं काहीच धरत नाही, रंगही नाही. आमच्या हॅचभोवती आधीच्या कुणीतरी थरावर थर चढवले होते, ते प्लास्टिकच्या पात्याने खरवडून काढण्यात माझे सलग दोन दिवस गेले. फ्लँजखाली, म्हणजे पत्र्यावर टेकणाऱ्या कडेखाली, ब्यूटाईल टेप (चिकट रबरी पट्टी) घाला. ती वर्षानुवर्षं मऊ राहते, गाडी हलली तरी सोबत हलते आणि पुढे कधी खोलायचं झालं तर निघते.

स्टेनलेसचा स्क्रू थेट ॲल्युमिनियमच्या पत्र्यात लावणं हीही तशीच एक चूक. ओल आली की ॲल्युमिनियम झिजतं, स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसायला लागते आणि स्क्रू जाम होतो. मध्ये नायलॉनचा वॉशर द्या आणि आट्यांना सीलंट लावा. आट्यांवरून आठवलं, गाडी इंचाच्या मापाची आहे की मिलिमीटरच्या हे आधी ठरवा. इंचाच्या मापातला १०-३२ चा स्क्रू मिलिमीटरच्या मापातल्या एम ५ च्या नटमध्ये बिनतक्रार जातो, दोघांच्या आट्यांचं अंतर जवळजवळ सारखंच, पण स्क्रू ४.८ मिमी जाड आणि नट ५ मिमीचा, त्यामुळे आवळल्यासारखं वाटतं आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी सुटून येतं.

बेडखालच्या किंवा लॉकरच्या गॅस स्ट्रटचं (झाकण वर धरून ठेवणाऱ्या, आत गॅस भरलेल्या दांड्याचं) सांगायचं तर त्याच्यावर न्यूटनमध्ये आकडा असतो, १५०, २०० असा, तोच आकडा आणि पूर्ण उघडल्यावरची तीच लांबी घ्या. जास्त ताकदीचा घेतला की झाकण रोज वाकतं आणि बिजागरीचे स्क्रू उपटून येतात. जुना स्ट्रट कापायच्या भानगडीत पडू नका, आत दाब असतो.

स्विच तुटला म्हणून घरातल्या लाईटचा स्विच लावणारे खूप आहेत. १२ व्होल्टचा डीसी करंट तोडणं वेगळं असतं, ठिणगी लवकर विझत नाही, त्यामुळे स्विचवर डीसीचं रेटिंग वेगळं लिहिलेलं हवं. शिवाय ६० वॉटच्या पंपाला १२ व्होल्टवर ५ अँपिअर लागतात, वायर त्या हिशोबाने.

आता जिथे जुगाड करायचंच नाही ते. गॅसचा रेग्युलेटर, पाईप, जॉइंट, शेगडीचा कॉक याला हात लावू नका, योग्य पार्ट मिळेपर्यंत गॅस बंद ठेवा. फरशीत गार वारा येतो म्हणून खालची जाळी बुजवू नका, एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर त्याच वाटेने बाहेर जातो. सीटबेल्टचे अँकर, ब्रेक, स्टिअरिंग, हे तर सांगायलाच नको. आणि दाराचा लॅच तुटला म्हणून रात्री दोरीने बांधून झोपणं मला सगळ्यात भीतीदायक वाटतं, अंधारात, धुरात ती गाठ सुटणार आहे का? दार आणि मोठी खिडकी आतून, एका हाताने, कुठल्याही हत्याराशिवाय उघडलीच पाहिजे, पार्ट कसलाही बनवा पण ही गोष्ट डोळे मिटून करून बघा आणि घरातल्या सगळ्यांना करायला लावा.

बाहेरच्या लॉकरला किंवा छताच्या हॅचला बनवलेला लॅच लावला असेल तर पहिले काही प्रवास त्यावर एक जास्तीचा पट्टा आवळा, धावत्या गाडीवरून उडालेलं झाकण मागच्या माणसाच्या काचेवर जातं. झिपटाय लावणार असाल तर काळी घ्या, पांढरी उन्हात ठिसूळ होते.

आणि बसवून झालं की नटपासून पत्र्यापर्यंत पर्मनंट मार्करने एक सरळ रेघ ओढून ठेवा. तासाभराच्या प्रवासानंतर थांबाल तेव्हा गाडीभोवती एक फेरी मारून बघा, रेघ सरळ असेल तर पुढे निघा, सरकलेली दिसली तर तिथेच पान्हा काढा.