सोलापूरकरांसाठी हिवाळ्यातील कळसूबाई

1646 मीटर उंचीचे कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर एका दिवसात चढून उतरायचे असेल, तर आदल्या रात्रीच पायथ्याच्या बारी गावी मुक्काम करावा. सोलापुरातून रात्रभर प्रवास करून तसेच चढायला लागणे शहाणपणाचे नाही. सपाट मुलखात वावरलेल्या आपल्या पायांना ही सलग चढण जड जाते, म्हणून महिनाभर आधी जिने चढण्याचा सराव ठेवावा. पहाटे निघताना पातळ कपड्यांचे दोन-तीन थर घालावेत आणि घाम येण्याआधीच एकेक उतरवावा, कारण माथ्यावरच्या वाऱ्यात ओले कपडे गारठा वाढवतात. लोखंडी शिड्यांवर दोन्ही हात मोकळे हवेत. शिदोरीला कडक भाकरी आणि शेंगाचटणी उत्तम (सोलापुरी चादर मात्र मुक्कामीच ठेवावी). उतरताना गुडघ्यांवर भार येऊन वेग मंदावतो, त्यामुळे दुपार चढण्यापूर्वी माथा सोडावा.