कॉलेजचा व्हॉलीबॉल प्रशिक्षक: जूनपासून मार्चपर्यंतचं काम

एफवायला आलेलं पोर खऱ्या अर्थानं खेळायला लागतं ते एसवायच्या शेवटी, आणि टीवायची परीक्षा झाली की कॉलेज सोडून जातं. कॉलेजच्या प्रशिक्षकाचा संघ दर तीन-चार वर्षांनी असा मुळापासून बदलतो. एखाद्या उंच स्मॅशरच्या जिवावर एक वर्ष ट्रॉफी येते, पुढच्या वर्षी पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळावा लागतो. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात अल स्केट्स १९६३ ते २०१२ पुरुष संघाचे प्रशिक्षक होते आणि त्यांनी एनसीएएची (अमेरिकेतल्या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेची) १९ विजेतेपदं मिळवली. चार वर्षांची एक पिढी धरली तर बारा पिढ्या. खेळाडू जात राहिले, काम करायची पद्धत तीच राहिली.

आधी नोकरीचं. अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयात कायम पद असतं ते क्रीडा संचालकाचं. त्यासाठी एमपीएडला (शारीरिक शिक्षणातल्या पदव्युत्तर पदवीला) ५५ टक्के (आरक्षित प्रवर्गांना सवलत), शारीरिक शिक्षण विषयात नेट किंवा सेट, स्वतः स्पर्धा खेळल्याची नोंद आणि क्षमता चाचणी लागते. तिशीपर्यंतच्या पुरुषांना १२ मिनिटांत १८०० मीटर, स्त्रियांना ८ मिनिटांत १००० मीटर. वर्षानुवर्षं फक्त पुस्तकं घेऊन बसलेले इथे धापा टाकतात. मात्र एमपीएडनं व्हॉलीबॉल येत नाही. त्यासाठी पतियाळाच्या एनआयएसची (राष्ट्रीय क्रीडा संस्थेची) पदविका, तेवढा वेळ नसेल तर सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स, पुढे एफआयव्हीबीचा (आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघाचा) लेव्हल १ कोर्स. जागा निघेपर्यंत मानधनावर कोच म्हणून राहावं लागतं. त्या काळात पंच परीक्षा देऊन टाका. नियम तोंडपाठ असलेल्या प्रशिक्षकाशी टेबलावर कुणी वाद घालत नाही.

जून-जुलैत मैदान चिखलात असतं आणि प्रवेश चालू असतात. हीच निवडीची वेळ. भिंतीपाशी उभं करून बोटांना फक्की लावा. टाचा न उचलता हात कुठे पोचतो ते मोजा, मग स्टेप घेऊन उडी मारायला लावा आणि ती खूण मोजा. दोन आकडे, तारीख, नाव: वहीत. मुलांची जाळी २.४३ मीटर, मुलींची २.२४. उडीतली खूण जाळीच्या वर ४०-५० सेंटिमीटर गेली तर तो स्मॅशर होऊ शकतो. नुसती उंची पाहून फसायला होतं. सहा फुटी पण जड पायांचा मुलगा ब्लॉकला, म्हणजे जाळीवर हात उभे करून स्मॅश अडवायला, नेहमी उशिरा पोचतो.

गावाकडून येणारी बरीच मुलं शूटिंग व्हॉलीबॉल खेळून आलेली असतात. त्यांचं टायमिंग आणि नजर उत्तम असते, पण चेंडू दिसला की दोन्ही हात जोरात झोकायची सवय हाडात मुरलेली. सर्व्हिस घेताना ते हात झोकतात आणि चेंडू थेट पलीकडे जातो. उपाय कंटाळवाणा आहे: गुडघे वाकवून, कोपरं ताठ, हात न झोकता फक्त पायांच्या जोरानं चेंडू हातांवर उचलायचा. भिंतीवर रोज १०० वेळा, तीन आठवडे. पावसाळ्यात सभागृहाचं छत कमी उंच असलं तरी हे जमतं, म्हणून पाऊस वाया जात नाही.

उघडीप मिळाली की मैदान. १८ बाय ९ मीटर, मधल्या रेषेपासून तीन मीटरवर अटॅक लाइन, चारही बाजूंना किमान तीन मीटर मोकळं. कर्ण मोजल्याशिवाय फक्की मारू नका. दोन्ही कर्ण २०.१२ मीटर आले तरच कोपरे काटकोनात आहेत. चुनकळी वापरू नका, सूर मारणाऱ्याच्या डोळ्यांत आणि खरचटलेल्या कोपरात जाते. जाळीची उंची मध्यावर मोजतात. दोन्ही साइडलाइनवर ती सारखी हवी आणि मधल्यापेक्षा २ सेंटिमीटरहून जास्त नको. सैल तार असली की मध्यात झोळ पडतो, मुलं खालून मारायला शिकतात आणि स्पर्धेत प्रत्येक स्मॅश जाळीत जातो. अँटेना (साइडलाइनच्या वर जाळीला लावायच्या उभ्या काठ्या) सरावातही लावा. चेंडूत हवा ०.३० ते ०.३२५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. दगडासारखा भरलेला चेंडू हातावरून उडतो आणि रिसेप्शनचा, म्हणजे समोरची सर्व्हिस उचलण्याचा, सगळा सराव खोटा ठरतो.

दोन तासांच्या सरावाची आमची वाटणी अशी: १५ मिनिटं घोटे, खांदे आणि पळणं, ३५ मिनिटं सर्व्हिस विरुद्ध रिसेप्शन, २५ मिनिटं सेटर (मारायला चेंडू उचलून, म्हणजे सेट देणारा) आणि स्मॅशर, १५ मिनिटं ब्लॉक आणि मागचं क्षेत्ररक्षण, २५ मिनिटं अट घातलेला खेळ, शेवटी ५ मिनिटं स्ट्रेचिंग. बहुतेक कॉलेजांत याच्या उलट चालतं. जाळीपाशी रांग लावून तासभर स्मॅश मारतात, कारण ते मुलांना आवडतं आणि बघायलाही भारी दिसतं. पण कॉलेज पातळीवर सामन्यातले सेट हातचे जातात ते पहिल्या स्पर्शावर.

म्हणून रिसेप्शनला गुण द्या. चेंडू सेटरच्या हाती नीट पोचला आणि तो कुठेही सेट देऊ शकतो, तर ३. दोनच पर्याय उरले तर २. कसाबसा उंच उचलून द्यावा लागला किंवा थेट पलीकडे गेला तर १. सर्व्हिसवर सरळ गुण गेला तर ०. बाकावरच्या खेळाडूला वही द्या. वीस सर्व्हिसमध्ये बेरीज ३६ आली तर सरासरी १.८. सरासरी २ च्या आसपास असली की संघ जिंकण्याच्या स्थितीत असतो. दीडच्या खाली गेली तर कितीही चांगला स्मॅशर असो, समोरचा ब्लॉक त्याची वाट बघत उभा असतो. आठवडाभराच्या आकड्यांवरून लिबरो (फक्त मागच्या रांगेत खेळणारा बचावपटू) ठरवा. तो कोण असावा याची मुलांमध्ये कुजबुज असतेच, आकडे दाखवले की थांबते.

सेटर मात्र आकड्यांनी सापडत नाही, घडवावा लागतो, आणि त्याला दोन वर्षं लागतात. त्यामुळे तिसऱ्या वर्षाच्या सेटरमागे पहिल्या वर्षाचा एक नेहमी हवाच. हे विसरलेल्या प्रशिक्षकाचं एक अख्खं वर्ष बुडतं. भरवशाचा सेटर नसेल तर ५-१ चा (पाच मारणारे, एक सेटर) हट्ट सोडा आणि ४-२ (चार मारणारे, दोन सेटर) खेळा: पुढच्या रांगेतला सेटर सेट देतो. स्मॅशर दोनच मिळतात, पण गोंधळ होत नाही. सेट जाळीपासून ६० ते ९० सेंटिमीटर लांब द्यायला लावा. चेंडू जाळीला चिकटला की मारणारा पुढे झेपावतो, समोरच्याच्या पायावर उतरतो आणि घोटा मुरगळतो. सिमेंटच्या कोर्टवर उड्यांचा सराव एक दिवसाआड ठेवा, नाहीतर ऐन स्पर्धेच्या तोंडावर गुडघे दुखायला लागतात.

स्पर्धेआधीचं खरं संकट कागदांचं. पात्रता फॉर्म, बारावीची गुणपत्रिका, चालू वर्षाच्या प्रवेशाची पावती, ओळखपत्र. वय आणि शिक्षणातला खंड यांच्या अटी त्या वर्षीच्या परिपत्रकात वाचून प्रत्येक खेळाडूसमोर टिक करा. एक अपात्र खेळाडू निघाला की जिंकलेला सामनाही हातचा जातो.

सामन्यात प्रत्येक सेटआधी लाइनअप स्लिप, म्हणजे सहा खेळाडूंच्या जागांची चिठ्ठी, द्यायची असते. एक नंबर म्हणजे मागे उजवीकडचा, सुरुवातीची सर्व्हिस आपली असेल तर तोच ती करणार. दोन नंबर त्याच्या पुढे, जाळीपाशी. घाईत हे उलटसुलट लिहिलं तर पोझिशनची चूक देऊन गुण जातो, म्हणून सहाही रोटेशन (जागा फिरल्यावरच्या मांडण्या) आदल्या रात्री कागदावर काढून ठेवा. सेटला सहा बदल आणि ३० सेकंदांचे दोन टाइम-आउट मिळतात. लिबरोचे बदल त्यात धरत नाहीत. समोरच्यानं सलग तीन गुण घेतले की पहिला टाइम-आउट घ्या. सहा गुण जाईपर्यंत थांबणारे पुष्कळ आहेत. त्या तीस सेकंदांत एकच सूचना: सर्व्हिस कुणावर टाकायची किंवा रिसेप्शनला कोण दोन पावलं मागे सरकणार. लांबलचक भाषण कुणी ऐकत नाही, पाणी पिण्यात वेळ जातो.

आंतरमहाविद्यालयीन निकाल चांगले आले की विद्यापीठ संघाच्या शिबिरासाठी प्रशिक्षक किंवा व्यवस्थापक म्हणून बोलावणं येतं. ते टाळू नका, इतर कॉलेजांची मुलं तिथेच दिसतात. मग फेब्रुवारीत पुन्हा भिंत, फक्की आणि वही: जूनच्या खुणा आणि आताच्या खुणा. जाळी धुऊन, वाळवून, तार वेगळी गुंडाळून ठेवा, ओल्या जाळीला उंदीर आणि बुरशी दोन्ही लागतात. नव्या चेंडूंची मागणी ३१ मार्चच्या आत लेखा विभागाकडे गेली पाहिजे. उरलेला निधी एप्रिलमध्ये हाती लागत नाही.