पोरीची पाळी आणि आपण मोठे, या चुका टाळा

श्रावण लागला की आपल्या खान्देशात मेडिकलवर एक गोळी हमखास मागतात, पाळी पुढे ढकलायची. घरी कानबाई म्हणजे आपली खान्देशी देवी बसणार, रोटांचा नैवेद्य असणार, भाऊबंद जमणार आणि पोरीची तारीख नेमकी तेव्हाच, मग आई नाहीतर काकू कोणालाच न विचारता गोळी आणते आणि तेरा वर्षांच्या पोरीला देऊन टाकते. ती नॉरएथिस्टेरॉन नावाची हार्मोनची गोळी असते हो, त्याने मळमळतं, डोकं धरतं, मध्येच डाग लागतात, आणि रक्ताच्या गुठळीचा किंवा लिव्हरचा त्रास असेल तर धोकाच, म्हणून डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोच. शिवाय नवीन पाळीची तारीख पक्की नसतेच, मग ढकलणार काय? मला विचाराल तर पाळी येऊ द्या आणि पोरीला आरतीलाही उभं राहू द्या, कानबाई पण मायच आहे.

दुसरं म्हणजे आधी न सांगणं. छाती वाढायला लागली की साधारण दोन-अडीच वर्षांत पाळी येते, तर तेव्हाच सांगा ना, नाहीतर सहावीतली पोर शाळेच्या बाथरूममध्ये रक्त बघून घाबरून रडत बसते. दप्तरात एक पॅड आणि एक चड्डी ठेवायची. पप्पांनाही माहीत असू द्या, आई शेतात कापूस वेचायला गेली असेल तर पोरगी कोणाला सांगेल?

पहिली दोन-तीन वर्षं पाळी 21 ते 45 दिवसांत कधीही येते, लगेच पीसीओडी (अंडाशयाचा हार्मोनचा त्रास) म्हणून सोनोग्राफीला पळू नका, कॅलेंडरवर तारखा लिहा. पण तीन महिने आलीच नाही, सात दिवसांच्या वर चालली, तास-दोन तासाला पॅड भरतंय, किंवा 15 वर्षं पूर्ण होऊनही सुरू नाही, तर दाखवाच. आठ वर्षांच्या आधी छाती वाढली तरीही दाखवा.

कापड वापरणं वाईट नाही, ते लपवून ओलंच ठेवणं वाईट. आधी थंड पाण्यात धुवा, मग साबण, मग कडक उन्हात वाळवा, आणि जळगावात उन्हाची तर कमीच नाही. पॅड कमी भरलं तरी चार-सहा तासांनी बदला, मे महिन्यात घामाने मांड्या सोलतात.

शाळेत दर आठवड्याला निळी गोळी मिळते ना, ती लोहाची, बऱ्याच पोरी फेकून देतात कारण शी काळी होते. होऊ द्या, त्यात घाबरायचं काही नाही. जेवल्यावर घ्यायची, वर लगेच चहा नको. नंदुरबारकडे, सातपुड्यातल्या पाड्यांवर सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो, तिकडे तपासणी करून घ्या आणि सिकलसेल निघाला तर लोहाच्या गोळीचं डॉक्टरलाच विचारा.

आणि बाईच्या जातीला दुखणारच, हे बोलणं बंद करा. थोडं दुखलं तर गरम पाण्याने शेका, पण दर महिन्याला उलट्या होतायत, शाळा बुडतेय, तर त्यावर औषध आहे, सरकारी दवाखान्यात न्या.