बैठकीच्या खोलीसाठी दोन विरुद्ध रंगांतून एक कसा निवडावा

फिकट बदामी की मोरपंखी निळा, असा प्रश्न पडला की आपण बहुधा दुकानातल्या शेड कार्डावर बोट ठेवून मोकळे होतो आणि तिथेच निवड चुकते. बोटभर चौकोनात शांत वाटणारा निळा चारही भिंतींवर चढला की खोली अंधारते, हे आम्ही आमच्या घरी भोगले आहे. म्हणून दोन्ही रंगांचे सर्वांत लहान डबे आणून त्यांची परीक्षा प्रत्यक्ष भिंतीवरच घ्यावी.

आपल्याकडच्या जुन्या भिंतींवर बहुतेक वेळा नीळ घातलेल्या चुन्याचे थर असतात. ते तसेच ठेवून रंग लावला तर पोपडे सुटतात आणि बदामीतून खालची निळसर झाक दिसते. तेवढी जागा पत्र्याने खरवडून, पॉलिश पेपरने घासून प्रायमरचा एक हात द्यावा आणि तो वाळल्यावर प्रत्येक रंगाचा दोन-दोन फुटांचा चौकोन दोन हात देऊन रंगवावा. एक जोडी खिडकीसमोरच्या भिंतीवर घ्यावी आणि दुसरी खिडकीच्याच भिंतीवर, कारण तिथे उजेड सर्वांत कमी पडतो. दोन चौकोनांमध्ये वीतभर पांढरी जागा सोडावी; विरुद्ध रंग शेजारी आले की एकमेकांना अधिक भडक दाखवतात, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी 1839 मध्येच सविस्तर मांडले होते.

रंग पूर्ण वाळल्यावर तो सकाळी, दुपारी आणि दिवा लावल्यावर पाहावा. यांपैकी दुपार सर्वांत महत्त्वाची आहे. वैशाखात पारा 45 अंशांकडे गेला की आपण दारे-खिडक्या लावून घेतो, आणि त्या अर्ध्या उजेडात मोरपंखी जवळजवळ काळा दिसतो. निळ्याने खोली थंड राहते या समजुतीवर विसंबू नये. ऊन स्लॅबमधून किंवा टिनातून उतरते, त्यासाठी छतावर पांढरा चुना मारणेच उपयोगी पडते. रात्री पिवळ्या बल्बखाली निळा मळकट दिसतो, तर बदामी अधिक उबदार होतो.

त्याच खोलीत कापूस साठवत असाल, तर काळ्या मातीचे हात आणि गाठोडी भिंतीला घासणारच. अशा घरी मी जमिनीपासून तीन फुटांपर्यंत मोरपंखी ऑइल पेंटचा पट्टा आणि वर छतापर्यंत बदामी डिस्टेंपर सुचवीन. पट्ट्यावरचा डाग ओल्या फडक्याने निघतो आणि वरचा उजेडही टिकतो. पट्ट्याची रेघ मात्र खिडकीच्या खालच्या कडेला मिळवून, सुताने आखून घ्यावी.