निवृत्तीची पुंजी छोटी असेल तर या चुका टाळा

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फौंड्रीत (धातू ओतून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात) काम करणाऱ्याची पुंजी वरवर बघितली तर छान विखुरलेली दिसते. सात-आठ म्युच्युअल फंड, थोडे शेअर, पतसंस्थेत ठेव. पण पगार येतो तो गाड्या आणि ट्रॅक्टरच्या कास्टिंगवर, आणि शेअरही घेतलेले असतात गाड्या-ट्रॅक्टरच्याच कंपन्यांचे, कारण त्या ओळखीच्या. गाड्यांची मागणी बसली की ओव्हरटाइम बंद होतो आणि त्याच सुमारास शेअरही पडतात. मला ही सगळ्यात घातक चूक वाटते, कारण ती खात्याच्या उताऱ्यात दिसतच नाही. म्हणून पैसे कुठे कुठे आहेत ते लिहायला बसाल, तेव्हा पहिल्या ओळीत आपली नोकरी लिहा. घरचा ऊस असेल तर साखर कंपन्यांच्या शेअरलाही हाच हिशोब लावा.

फंडांची संख्या वाढवणं म्हणजे जोखीम वाटणं नव्हे. लार्ज कॅप फंडाला किमान 80 टक्के रक्कम बाजारमूल्यानुसार पहिल्या 100 कंपन्यांमध्येच ठेवावी लागते. असे तीन फंड घेतले तर बऱ्याचशा त्याच कंपन्या तीनदा घेतल्या जातात. चार लाख रुपये आठ फंडांत सारखे वाटले तर प्रत्येकात 50 हजार, आणि त्यातला एक दुप्पट झाला तरी खातं वाढतं साडेबारा टक्केच. छोट्या खात्याला एक निफ्टी 50 इंडेक्स फंड (निफ्टी निर्देशांकातल्या 50 मोठ्या कंपन्या त्याच प्रमाणात घेणारा) आणि जोडीला पीपीएफ या सरकारी बचत योजनेसारखा स्थिर हिस्सा एवढा पाया पुरतो. निफ्टीतही साधारण एक तृतीयांश वजन बँका आणि वित्तसंस्थांचं असतं, त्यामुळे वर आणखी बँकिंग फंड घेऊ नका.

एकाच शेअरवर भिस्त ठेवणं याच्या उलट टोकाचं. मार्च 2020 मध्ये येस बँकेची पुनर्रचना झाली, तेव्हा 100 पेक्षा जास्त शेअर असलेल्यांचे 75 टक्के शेअर तीन वर्षं विकता येणार नाहीत असं ठरलं. त्याच वर्षी निवृत्त होणाऱ्याचं काय झालं असेल, विचार करा. भाव पडणं वेगळं, आणि गरजेला पैसा हातात न येणं वेगळं. माझ्या मते एका शेअरमध्ये पुंजीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये, आणि थेट घेतलेले सगळे शेअर मिळून पंधरा टक्क्यांच्या आत असावेत.

ठेवींचंही तेच. बँक ठेवीला विमा मुद्दल आणि व्याज धरून पाच लाखांपर्यंत असतो. राजारामपुरी आणि शाहूपुरी अशा एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे ठेवले तरी मर्यादा एकच. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही, मग संचालक कितीही ओळखीचे असोत.

पसारा आधीच झाला असेल तर घाईने सगळं विकू नका. आधी जादा फंडांच्या एसआयपी, म्हणजे दरमहा जाणारे हप्ते, थांबवा. प्रत्येक फंडाच्या फॅक्टशीटमधल्या (फंडाच्या माहितीपत्रकातल्या) पहिल्या दहा कंपन्या शेजारी शेजारी मांडा, सारखे निघतील ते बाजूला काढा. विकताना एक्झिट लोड, म्हणजे लवकर बाहेर पडल्यास कापलं जाणारं शुल्क, बघा. वर्षाहून जुन्या इक्विटी (शेअरमध्ये गुंतवणाऱ्या) फंडांवरचा आणि शेअरवरचा नफा आर्थिक वर्षाला सव्वा लाखापर्यंत करमुक्त आहे, त्यामुळे थोडी विक्री मार्चअखेर आणि उरलेली एप्रिलमध्ये करता येते. एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) इक्विटीचं प्रमाण बदललं तर त्यावर कर लागत नाही, म्हणून तो बदल आधी उरका.