मांजरं वाफा उकरत होती, त्यावर शेवटी लागू पडलेला उपाय

लक्षण असं: मेथी किंवा कोथिंबीर पेरली की दुसऱ्या सकाळी वाफ्यात खड्डा, बी विखुरलेलं आणि खाली पुरलेली घाण. जुन्या, दाट वाढलेल्या वाफ्याला मात्र हात नाही.

संत्र्याची सालं, तिखट, निळ्या पाण्याच्या बाटल्या, सगळं करून झालं. तिखट तर पहिल्या पाण्याबरोबरच गेलं. वैताग आला होता.

मांजराला हवी असते मोकळी, भुसभुशीत, कोरडी माती. तीच मिळू द्यायची नाही. खुराड्याला लावतात ती एक इंची षटकोनी जाळी आणली. क्रम महत्त्वाचा आहे: आधी घाण खुरप्याने काढा (हातमोजे घालूनच, गरोदर बाईने हे काम करू नये, विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा या परजीवी जंतूचा संसर्ग होऊ शकतो). मग पेरणी, मग झारीने पाणी. ओल्या मातीवर जाळी आडवी, सपाट पसरा. वाफ्यापेक्षा चारी बाजूंनी वीतभर जास्त घ्या, कडा खाली दुमडून मातीत दाबा. जाड तारेचे इंग्रजी यू आकाराचे आकडे दर दीड फुटावर ठोका. जाळी उचलली जाता कामा नये, नाहीतर पंजा आत जातो.

रोपं जाळीतून वर येतात. भाजी उपटायची नाही, वरून कापायची.

वांगी-मिरचीच्या आळ्यात बोगनवेलीच्या काटेरी फांद्या टाकल्या तरी भागतं. कुंपणाजवळ कोरड्या वाळूचा ढीगही ठेवलाय, मांजरं आता तिकडे जातात. तो मात्र साफ करावा लागतो.